चुन्याचें घराणें

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत मीं एक प्रश्न विचारला. ‘कॅल्शियम नांवाचा धातु तुमच्यापैकीं कोणीं पाहिला आहे काय?’ एकही हात वर झाला नाहीं. मग मीं विचारलें, ‘बरें, ज्यांत कॅल्शियम मुळींच नाहीं असें घर कोणीं पाहिलें आहे काय?’ ह्याही वेळीं हात वर झाला नाहीं. परंतु आतां मुलें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलीं. भिंतीचा चुना, फळ्यावरचा खडू, आईच्या हातची नाचणीची भाकरी, आजोबांच्या पानाच्या डब्यांतील चुन्याची डबी, आणि खुद्द प्रश्न विचारणाऱ्या मास्तरांचे दांत, ह्या सर्वांत तो धातु आहे हें त्यांना पाठ्यपुस्तकावरून ठाऊक होतें. जो पदार्थ जिकडेतिकडे भरला आहे तो कोणींच पाहिलेला नाहीं, हें कसें? तेवढ्यांत घंटा झाली व प्रश्न तसाच राहिला. त्याचें उत्तर येथें लिहीत आहें. आणि घरांतील वडील मंडळीही हा अंक चाळतात हें जाणून त्यांच्या उपयोगाच्या कांहीं गोष्टी मधून मधून घातल्या आहेत.

मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीतील दुसऱ्या उभ्या रकान्यांत वरून खालीं सहा नांवें आढळतात : बेरिलियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम व रेडियम. ह्यांना अल्कधर्मी मृदा धातू असें लांबलचक नांव आहे. नांव जड आहे खरें, पण निरर्थक नाहीं. मृदा म्हणजे माती. जो पदार्थ विस्तवांत घातला तरी जळत नाहीं, सहसा वितळत नाहीं व पाण्यांत फारसा विरघळत नाहीं, त्यास जुने रसायनवेत्ते माती म्हणत. चुना ही अशी एक माती. परंतु ती आंबटपणा मारी व राखेंतील क्षारासारखे अल्काचे गुण दाखवी, म्हणून ती अल्कधर्मी माती झाली. ह्याचा प्रत्यय घ्यावयास प्रयोगशाळा नको. हळदीच्या पाण्यांत चुन्याचा कण टाकला कीं तें लाल होतें, आणि वर लिंबू पिळलें कीं पुनः पिवळें. हळदीपासून कुंकू करण्याच्या जुन्या रीतींत हीच युक्ति आहे.

ही माती मूलद्रव्य नसून एखाद्या अज्ञात धातूचा प्राणवायूशीं झालेला संयोग असावा, असा तर्क फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिये ह्यानें १७८९ सालच्या आपल्या ग्रंथांत केला होता. तो तर्क खरा ठरलेला पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें; १७९४ सालीं राज्यक्रांतीच्या धामधुमींत त्याचा शिरच्छेद झाला. पुढें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें हंफ्री डेव्ही ह्यानें विजेच्या प्रवाहानें १८०७ सालीं सोडियम व पोटॅशियम हे धातू मोकळे केले आणि मग तो ह्या मातींकडे वळला. पण त्या दाद देईनात. धातु सुटला न सुटला तोंच नाहींसा होई. इतक्यांत स्टॉकहोमहून बर्झेलियसचें पत्र आलें. त्यानें व पाँटिन ह्या वैद्यानें विजेच्या एका टोकाशीं पारा ठेवून पाहिला होता. सुटलेला धातु पाऱ्यांत शिरून सुरक्षित राही. डेव्हीनें ती युक्ति उचलली, मागाहून पारा तापवून उडविला, आणि १८०८ सालीं, वयाच्या तिसाव्या वर्षांत, मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम व बेरियम असे चार धातू जगापुढें ठेवले. ते होते चिमूटभर, आणि फारसे शुद्धही नव्हते. पण माती फुटली होती.

आतां आपल्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. कॅल्शियम हा रुपेरी धातु आहे, परंतु हवेची व पाण्याची गांठ पडतांच तो आपलें धातुपण टाकून दुसऱ्याशीं संयोग पावतो. पृथ्वीच्या कवचांत जीं मूलद्रव्यें विपुल आहेत त्यांत त्याचा पांचवा क्रमांक लागतो. तरीही तो एकटा असा निसर्गांत कोठेंच सांपडत नाहीं. ह्या सर्व घराण्याची हीच तऱ्हा. त्यांतील कोणाचीही भेट झाली तरी ती कोणाच्या तरी सोबतींतच होते; आणि सोबती कोण आहे ह्यावरून तो दगड आहे, अन्न आहे कीं विष आहे, हें ठरतें. पुढें जें सांगावयाचें आहे तें सर्व ह्या एका गोष्टीभोंवतीं फिरतें.

प्रथम चुनाच घेऊं. सह्याद्रीचा काळा पाषाण चुन्यासाठीं भाजण्याच्या कामाचा नाहीं. परंतु देशावरच्या काळ्या जमिनींत पांढरट, वांकडेतिकडे खडे सांपडतात, त्या चुनखडीच्या खड्यांवर पूर्वीं भट्ट्या चालत. कोंकणांत व गोव्यांत समुद्रानें काम सोपें केलें होतें. तेथें शिंपले भाजून चुना करीत. चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत मात्र चुनखडीचे मोठे थरच आहेत, आणि सिमेंटच्या कारखान्यांना तो दगड लागतो. मुंबईच्या चुनाभट्टी स्थानकावरून रोज आगगाडीनें जाणाऱ्या किती जणांच्या ध्यानांत येत असेल कीं, त्या नांवांत एक जुना धंदा दडून बसला आहे! खडा असो कीं शिंपला असो, रसायनशास्त्राच्या दृष्टीनें मुख्य वस्तु एकच : कॅल्शियम कार्बोनेट.

हा दगड सुमारें ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविला म्हणजे त्यांतून कार्बन डायऑक्साइड वायु निघून जातो व कळीचा चुना राहतो. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली तर ५६ किलो कळी हातीं येते. उरलेले ४४ किलो धुराड्यावाटे हवेंत जातात. भाजल्यानें दगड हलका होतो हें भट्टीवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. पण जें वजन गेलें तें कोठें गेलें, ह्याचा छडा स्कॉटलंडांतील जोसेफ ब्लॅक ह्यानें लावला. मॅग्नेशिया नांवाची पांढरी पूड व चुनखडी त्यानें तराजूंत घालून भाजण्यापूर्वीं व भाजल्यानंतर तोलली, आणि १७५६ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखवून दिलें कीं, घट्ट दगडांत एक वायु बांधलेला असतो. रसायनशास्त्रांत तराजूला जो मान आहे तो मिळवून देण्यांत ह्या चुन्याच्या खड्याचा मोठा वांटा आहे. आज त्या ४४ किलोंची चिंता साऱ्या जगाला पडली आहे. कारण सिमेंटसाठीं चुनखडी भाजतांना सुटणारा हाच वायु पृथ्वीची उष्णता वाढविणाऱ्यांपैकीं एक आहे.

कळीवर पाणी शिंपडलें कीं ती फसफसते, तडकते, वाफा सोडते. ५६ किलो कळी १८ किलो पाणी पिऊन कोरडी भुकटी होऊन बसते, आणि ह्या वेळीं इतकी उष्णता निघते कीं, वरचें पाणी उकळूं लागतें. हा झाला विरलेला चुना. तो भिंतीला दिला कीं वाळतो असें आपण म्हणतों. तें अर्धेंच खरें. पाणी उडून जातें हें खरें, पण त्याचबरोबर चुना हवेंतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू ओढून घेतो आणि पुनः दगड होतो. भट्टींत जो वायु गमावला तोच भिंतीवर परत मिळवितो. आपल्या जुन्या किल्ल्यांवर चुना मळण्याचे दगडी घाणे अजून पाहावयास मिळतात. सहलीस गेलां म्हणजे त्या चरांत उभे राहून छायाचित्र काढण्यापूर्वीं जवळच्या भिंतीचा सांधा नखानें खरवडून पाहा. तो चुना किती कठीण झाला आहे तें कळेल. (खरवडावयाचें नखानेंच; नांवें कोरण्यासाठीं नव्हे.)

हा सारा खेळ एका पेल्यांत पाहतां येतो. चुन्याच्या निवळींत नळीनें फुंकर घालावी. मात्र शिक्षकांच्या देखत, आणि फुंकावयाचें, ओढावयाचें नाहीं. निवळी दुधासारखी होते, कारण श्वासांतील कार्बन डायऑक्साइडनें तिच्यांत चुनखडीचे बारीक कण तयार होतात. बहुतेक विद्यार्थी येथेंच थांबतात व वहींत अनुमान लिहून मोकळे होतात. खरी गंमत ह्यापुढें आहे. फुंकणें तसेंच चालू ठेवा. कांहीं वेळानें तें दूध पुनः निवळून पाण्यासारखें होईल. जादा वायूच्या सोबतीनें चुनखडी पाण्यांत विरघळली. आतां तें पाणी उकळा. वायु निघून जाईल व पाणी पुनः गढूळ होईल.

हें ज्याला समजलें त्याला विहिरीचें जड पाणी समजलें. पावसाचें पाणी हवेंतून व मातींतून कार्बन डायऑक्साइड घेऊन खालीं मुरतें, वाटेंत चुनखडी विरघळवीत जातें, आणि कॅल्शियम व मॅग्नेशियम अदृश्य रूपानें आपल्या घागरींत येऊन पडतात. साबणाला फेस येत नाहीं, कारण साबणाचा अंश ह्या धातूंशीं मिळून पांढरा चोथा होतो. पाणी तापविण्याच्या भांड्यांत आंतून पांढरा थर बसतो, तो उकळीनें परत आलेला दगडच. तूरडाळ शिजतां शिजत नाहीं, ह्याचा दोष पुष्कळदां सुनेला किंवा डाळीच्या दुकानदाराला मिळतो. वास्तविक पाण्यांतील कॅल्शियम डाळीच्या पेशींना जोडणारा पदार्थ घट्ट करून ठेवतो. अशा गांवीं डाळ साठविलेल्या पावसाच्या पाण्यांत एकदां शिजवून पाहावी, म्हणजे घरांतील एक जुना वाद मिटेल.

परंतु चुना सौम्य समजूं नये. मी लहान असतांना आमच्या आळींत एका घरीं सणापूर्वीं रंगकाम निघालें होतें. पिंपांत कळी विरवीत होते व घरांतील सात-आठ वर्षांचा मुलगा वांकून ती कशी उकळते हें पाहत होता. एक शिंतोडा उडाला. आईनें घाबरून पदरानें डोळा पुसला. कोणीं दुधाचे थेंब घातले, कोणीं तूप आणलें. गाडी मिळवून दवाखान्यांत पोंचेपर्यंत तासभर गेला. तो डोळा पांढरा झाला तो कायमचाच. पुढें आम्ही एकत्र शिकलों. वर्गांत तो नेहमीं भिंतीच्या ज्या बाजूस बसे ती बाजू मला अजून आठवते. चुन्यानें डोळा भाजतो तो केवळ उष्णतेनें नव्हे. चुना हा तीव्र अल्क असल्यामुळें तो डोळ्याच्या पडद्यांतील स्निग्धांश विरघळवीत खोल शिरतो, आणि पापणीआड अडकलेला कण विरत असतो तोंपर्यंत हें काम चालूच राहतें. म्हणून तेथल्या तेथें, एक क्षणही न दवडतां, पापण्या उघड्या धरून डोळा वाहत्या स्वच्छ पाण्यानें धुवावयास लागावें. निदान अर्धा तास धुवावा. आणि मग डॉक्टरांकडे न्यावें. चोळूं नये. चुन्यावर उतारा म्हणून लिंबाचा रस तर कधींच घालूं नये. आजकाल तंबाखूबरोबर चुन्याच्या लहान प्लॅस्टिकच्या पुड्या व नळ्या मिळतात. लहान मूल ती दाबून पाहतें, ती फुटते, आणि चुन्याची चिळकांडी नेमकी डोळ्यांत उडते. अशा अपघातांनीं आपल्या देशांत अनेक मुलांचे डोळे गेले आहेत. ज्या घरांत ही पुडी येते त्या घरानें ती औषधासारखी उंच जागीं ठेवावी; न आली तर फारच उत्तम.

तंबाखूंत चुना कां मळतात, हेंही रसायनच आहे. तंबाखूंतील निकोटिन हें आम्लाशीं बांधलेलें असतें. चुना तें बंधन सोडवितो, आणि मोकळें झालेलें निकोटिन गालाच्या त्वचेंतून झपाट्यानें रक्तांत जातें. ज्याला व्यसन लावावयाचें त्यालाच तो अधिक वेगानें नेऊन पोंचवितो, असें म्हटलें तरी चालेल. नुसतें पान-सुपारीही, तंबाखू नसली तरी, कर्करोगास कारण होते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केला आहे.

एका पालकांनीं मला विचारलें, ‘मास्तर, चुन्यांत कॅल्शियम असतें ना? मग रोज गव्हाएवढा चुना मुलाला दिला तर हाडें बळकट होणार नाहींत काय?’ प्रश्न शहाणपणाचा आहे, म्हणूनच त्याला नीट उत्तर दिलें पाहिजे. कॅल्शियम तेंच, पण सोबती निराळा. चुन्यांत जो सोबती आहे तो तोंडाची व अन्ननलिकेची त्वचा जाळतो. नाचणींत, दुधांत, तिळांत, लहान मासळीच्या कांट्यांत तेंच कॅल्शियम निरुपद्रवी सोबत्यांबरोबर येतें. शंभर ग्रॅम नाचणींत तें सुमारें साडेतीनशें मिलिग्रॅम असतें. पेलाभर दुधांत सुमारें तीनशें. शिवाय कॅल्शियम पोटांत गेलें म्हणजे हाडांत गेलें असें नाहीं. तें आंतड्यांतून शोषलें जाण्यास ड जीवनसत्त्व लागतें, आणि तें आपली त्वचा सूर्यप्रकाशांत स्वतः तयार करिते. तेव्हां भाकरी, दूध आणि उन्हांतील खेळ, हीं सोडून पानाच्या डबीकडे जाण्याचें कारण नाहीं. प्रौढ मनुष्याच्या शरीरांत सुमारें एक किलो कॅल्शियम असतें व त्यांतील शेंकडा ९९ भाग हाडांत व दांतांत असतो, ही गोष्ट ध्यानांत ठेवा. पुढें ती लागणार आहे.

स्वयंपाकघरांतून निघण्यापूर्वीं अळूच्या भाजीकडे वळूं. अळू घशाला खाजतें तें त्यांतील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या सूक्ष्म कणांमुळें. म्हणून अळू भरपूर शिजवितात व त्यांत चिंच घालतात. आणि चिंच पडतांच भाजीचा हिरवा रंग मळकट कां होतो? हिरव्या पानांतील हरितद्रव्याच्या प्रत्येक कणाच्या मध्यभागीं मॅग्नेशियमचा एक अणु बसलेला असतो. हें जर्मन शास्त्रज्ञ विल्श्टेटर ह्यानें दाखविलें, व वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील संशोधनाबद्दल त्याला १९१५ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. आंबटपणा त्या मॅग्नेशियमला जागेवरून हुसकावून लावतो, आणि रंग उतरतो. सृष्टींतील सर्व हिरवळ ह्या एका धातूच्या आधारावर उभी आहे. एका भाजीच्या पातेल्यांत एक भाऊ घसा खाजवितो व दुसरा रंग देतो, आणि चिंच दोघांचाही समाचार घेते. रसायनशास्त्र शिकविण्यास ह्याहून स्वस्त साधन मला ठाऊक नाहीं.

मॅग्नेशियम समुद्राच्या पाण्यांतही पुष्कळ आहे. एका लिटरांत सुमारें सव्वा ग्रॅम. मिठागरांत मीठ बसल्यावर जें कडू पाणी उरतें तें ह्याचेंच, आणि त्याचा अंश जाड्या मिठांत राहिल्यामुळें पावसाळ्यांत मिठाच्या बरणीला पाणी सुटतें. चेहऱ्याला लावण्याची पावडर म्हणजे शंखजिरें, तें मॅग्नेशियमचें सिलिकेट. विरेचक म्हणून दिलें जाणारें एप्सम सॉल्ट तें मॅग्नेशियमचें सल्फेट. हा धातु मोकळा केला तर फितीसारखा वळतो, वजनानें अतिशय हलका असतो, आणि पेटविला तर डोळे दिपवितो. त्याच्या ज्योतीकडे टक लावून पाहूं नये. तो एवढा हट्टी कीं कार्बन डायऑक्साइडमध्येंही जळत राहतो, म्हणून पाण्यानें किंवा त्या वायूनें ही आग विझवूं गेल्यास ती वाढते. तीवर कोरडी वाळू टाकावी लागते.

कॅल्शियमचेंही सल्फेट आहे. त्याला जिप्सम म्हणतात. तें सुमारें दीडशें अंशांपर्यंत तापविलें कीं त्यांतील पाण्याचा पाऊण भाग उडून जातो व प्लॅस्टर ऑफ पॅरिस तयार होतें. त्यांत पाणी कालविलें कीं तें हरवलेलें पाणी परत घेऊन कांहीं मिनिटांत घट्ट होतें. मोडलेल्या हातावर डॉक्टर जें पांढरें कवच बसवितात तें हें. गणपतीच्या मूर्तीही ह्याच्याच पुष्कळ होतात, व त्या शाडूच्या मातीप्रमाणें पाण्यांत पांगत नाहींत. पुष्कळ दिवस तळाशीं तशाच राहतात. येथेंही सोबती बदलण्याचा उपाय निघाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञांनीं २०१५ च्या सुमारास दाखविलें कीं, खाण्याचा सोडा नव्हे, तर अमोनियम बायकार्बोनेट पाण्यांत घालून मूर्ति त्यांत ठेवल्यास कॅल्शियम सल्फेटला सोडून कार्बोनेटशीं जातें, तळाशीं खडूसारखा गाळ बसतो, आणि पाण्यांत अमोनियम सल्फेट उरतें, जें झाडांना खत म्हणून चालतें.

थोरला भाऊ बेरिलियम ह्याची गांठ आपल्याला क्वचितच पडते. पाचू ह्या रत्नांत तो असतो. २०२१ सालीं आकाशांत सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या आरशाचे १८ तुकडे ह्या हलक्या व ताठ धातूचे केले आहेत व त्यांवर सोन्याचा पातळ मुलामा आहे. त्याची धूळ मात्र फुप्फुसांस घातक आहे.

बेरियमची गोष्ट सांगितली म्हणजे सोबतीचें म्हणणें पुरतें पटेल. पोटाचें एक्स-किरण चित्र काढावयाचें तर आंतडीं त्या किरणांना आडवीत नाहींत, म्हणून रोग्याला पांढरें, खडू कालविल्यासारखें पेय पाजतात. तें बेरियम सल्फेट. तें पाण्यांत किंवा पोटांतील आम्लांत विरघळत नाहीं. जसें गेलें तसें बाहेर पडतें. आणि पूर्वीं उंदीर मारण्यास जी पांढरी पूड वापरीत, त्यांत बेरियम कार्बोनेट असे! तें पोटांतील आम्लांत विरघळतें, बेरियम रक्तांत शिरतें, आणि स्नायू व हृदय ह्यांवर घाला घालतें. दोन्ही पुडी पांढऱ्या, दोन्हींत धातु एकच. परीक्षेंत एका शब्दाचे गुण कापले म्हणून जे विद्यार्थी माझ्याशीं भांडतात, त्यांनीं ह्या दोन बाटल्या डोळ्यांपुढें आणाव्या.

दिवाळीच्या हिरव्या ज्योतींतही बेरियमच असतें. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, आणि कॅल्शियमची ज्योत विटकरी. फटाक्यांतील बेरियमच्या क्षारांवर सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं बंदी घातली, ती त्यांच्या धुरापासून होणाऱ्या अपायामुळें. स्ट्रॉन्शियम हें नांव स्कॉटलंडांतील स्ट्रॉन्शियन ह्या खेड्यावरून आलें. तेथल्या शिशाच्या खाणींत त्याचा दगड सांपडला.

आतां हाडांकडे येऊं. एका रकान्यांतील भावंडें म्हणजे एका तोंडवळ्याचीं. शरीर कॅल्शियमला ओळखून हाडांत नेऊन बसवितें. पण स्ट्रॉन्शियम किंवा रेडियम दारांत आलें तर त्याला तें भावापासून निराळें काढूं शकत नाहीं, आणि तेंही हाडांतच जाऊन बसतें. रेडियम मारी क्यूरी व पिएर क्यूरी ह्यांनीं १८९८ सालीं शोधिलें. अंधारांत चमकणाऱ्या घड्याळांसाठीं त्याचा रंग १९१७ पासून अमेरिकेंत तरुण मुली बारीक कुंचल्यानें तबकड्यांवर भरीत, आणि कुंचल्याला टोंक यावें म्हणून तो ओठांत धरीत. तसें करावयास त्यांना शिकविलेलें होतें. थोड्याच वर्षांत त्यांचे दांत पडूं लागले, जबडे कुजूं लागले, हाडें मोडूं लागलीं. कित्येक मरण पावल्या. न्यू जर्सी प्रांतांतील पांच जणींनीं, कांहींना नीट चालवतही नसतां, न्यायालयांत दाद मागितली व १९२८ सालीं तडजोड होऊन त्यांना भरपाई मिळाली. कामगारांच्या सुरक्षिततेचे पुढील नियम होण्यास हा खटला पुष्कळ अंशीं कारण झाला.

दुसरी गोष्ट दांतांची. अणुबाँबच्या चांचण्या उघड्या हवेंत होत असत तेव्हां त्यांतून स्ट्रॉन्शियम-९० नांवाचा किरणोत्सर्गी पदार्थ ढगांबरोबर दूरवर जाई, पावसानें गवतावर पडे, गाईच्या दुधांत उतरे, आणि दूध पिणाऱ्या वाढत्या मुलांच्या हाडांत व दांतांत कॅल्शियमच्या रांगेंत जाऊन बसे. हें खरोखर किती होत आहे हें मोजावयाचें तर मुलांचीं हाडें कशीं मिळणार? परंतु दुधाचे दांत पडतच असतात. १९५८ सालीं अमेरिकेंतील सेंट लुईस शहरांत डॉक्टर व नागरिक ह्यांनीं पडलेले दांत गोळा करण्यास आरंभ केला, डॉ. लुईझ राइस ह्या बाई त्या कामाच्या प्रमुख होत्या. दांत पाठविणाऱ्या मुलाला, आपण आपला दांत शास्त्राला दिला, असें लिहिलेलें एक बिल्ला-बटण मिळे. सुमारें तीन लाख दांत जमले. १९५० च्या सुमारास जन्मलेल्या मुलांपेक्षां पुढें जन्मलेल्यांच्या दांतांत स्ट्रॉन्शियम-९० वाढत गेलें आहे, असा पहिला निष्कर्ष १९६१ सालीं प्रसिद्ध झाला, आणि १९६३ सालीं अमेरिका, ब्रिटन व सोव्हिएट रशिया ह्यांनीं हवेंतील, पाण्यांतील व अंतराळांतील चांचण्या बंद करण्याचा करार केला. तो करार होण्यास कारणें अनेक होतीं; त्यांत ह्या दांतांचाही वांटा होता.

स्ट्रॉन्शियम-९० सुमारें २९ वर्षांनीं निम्में होतें. १९६३ सालीं जितकें तें जमिनींत होतें, त्याचा चौथा हिस्साही आतां उरलेला नाहीं.